भुलीची सुई

त्या वर्षी उन्हाळा दगडाच्या आत शिरला होता. कडा वरून शाबूत दिसे आणि पहार लावताच मागितल्यापेक्षा मोठा तुकडा सुटून येई. खाणीच्या दोन बाजू मुकादमाने बंद केल्या, आणि उरलेल्या एका बाजूच्या तळाशी सगळी माणसे दाटीवाटीने कामाला लागली. पाटीला पाटी घासे. एकाच्या घणाखालची कच दुसऱ्याच्या मानेवर उडे. मुकादम वर सावलीत उभा राहून, रस्त्याचे काम खडीवाचून अडले आहे, हे दिवसभर ऐकवत राही. त्याचा आवाज तळापर्यंत येता येता उन्हात वितळून जाई. खालून दिसे तो नुसता हात नाचवणारा एक माणूस.

घण चालवणारी खाणीत ती एकटीच बाई होती, म्हणून तिला सगळे घणवाली म्हणत. तिचा नवरा सुरुंग भरी. सासू वरच्या अंगाला बसून खडी चाळी. लेक पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आली होती. तिचे दिवस भरत आले होते. घरून पाण्याची कळशी आणायची आणि सावलीत बसून आजीची थट्टा ऐकायची, एवढेच काम तिला उरले होते.

"पोट बघ कसं पुढं चाललंय," सासू म्हणे. "तू मागून येतेस, ते आधी पोहोचतं."

घणवालीचा हात सापडला तो ऐन दुपारी. ती एका शिळेखाली पाचर बसवत होती. पाचर निसटली, शिळा बोटभर खाली बसली, आणि तिच्या उजव्या तळहाताची कड शिळा आणि जमीन यांच्यामध्ये राहिली.

ती ओरडली नाही. खाणीत कुणी ओरडत नाही. तिथे ओरडण्याला एकच अर्थ आहे: कडा सुटला, पळा. फार पूर्वी एका माणसाने विंचू चावला म्हणून आरोळी ठोकली होती, आणि त्या पळापळीत शिडीखाली एक गरवार बाई चेंगरली होती. तेव्हापासून खाणीतली मुले चालायला लागण्याआधी ओठ दाबायला शिकतात. गुडघा फुटला तर ती मुकाट कोपऱ्यात जाऊन त्यावर फुंकर घालतात. घणवालीनेही ओठ दाबले. डावा हात वर केला आणि हरवलेले काही शोधत असल्यासारखी ती वाकून उभी राहिली.

तिचा घण थांबला, तेव्हा कुठे सुरुंगवाल्याने मान वळवली.

"काय गं?"

"हात आत आहे," ती म्हणाली. "पहार आणा. सावकाश."

दवाखाना रस्त्याच्या कडेला होता. एक लांबट खोली, दाराबाहेर भिंतीशी बाक, आत मधोमध हिरव्या रेक्झिनचे टेबल. त्याची एक कड फाटून आतला स्पंज पिवळा पडलेला. डॉक्टर गोरा, स्थूल, हसऱ्या तोंडाचा. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. गरिबाला तो आपल्या खणातली औषधे फुकट देई, मुलांच्या हातावर गोळ्यांच्या रिकाम्या डब्या ठेवी. काही महिन्यांपासून त्याच्या हाताखाली एक शिकाऊ डॉक्टरीण आली होती. चष्मा सारखा वर ढकलत ती त्याचे बोलणे ऐके.

"या या," डॉक्टर म्हणाला. "आज घणानंच बाईला मारलं की काय?"

सुरुंगवाला कसनुसा हसला; मागोमाग आलेल्या सासू आणि लेक दाराशी उभ्या होत्या. हाताला गुंडाळलेले फडके सोडताना रक्ताने चिकटलेला धागा ओढला गेला, आणि घणवालीने छताकडे पाहिले.

शिकाऊ डॉक्टरणीने कपाटातून एक छोटी बाटली काढली. "सर, भूल किती भरू?"

"ठेव ती बाटली. यांना कशाला?"

"टाके आहेत ना, सर."

"अगं, ही डांबरी माणसं."

तो शब्द त्याने सहज उच्चारला, नाडी म्हणावी तसा. खाणीतली माणसे दोन-तीन पिढ्यांमागे डोंगरापलीकडून आली होती. अंगाने गावातल्यांपेक्षा पुष्कळ काळी. गावाने त्यांना ते नाव ठेवले होते. बाजारात पोरे ते मागून ओरडत. डॉक्टर ते समोरून, हसून म्हणे.

"यांचा वंशच वेगळा," सुईत दोरा ओवत तो तिला समजावू लागला. "कातडी जाड, आतले तंतू बोथट. आपल्यासारखं दुखत नाही यांना. पुस्तकातसुद्धा आहे. बघ आता."

आणि त्याने सुई घातली.

घणवालीला पहिल्या टाक्याला छतावरचा पंखा दुहेरी दिसला. दुसऱ्याला तोंडात लोखंडाची चव आली. दोरा कातडीतून सरकताना होणारा बारीक आवाज तिला ऐकू येत होता, ओल्या दोरखंडाने बादली ओढावी तसा, आणि तो आवाज तिच्या दातांपर्यंत येऊन थांबत होता. ती खाणीतच होती. तिच्या आत कुठेतरी माणसे कड्याखाली वाकून काम करत होती आणि त्यांना पळवायचे नव्हते. तिने ओठ दाबले ते दाबलेच.

"पाहिलंस?" डॉक्टर गाठ मारत म्हणाला. "पापणी हलली नाही. आपल्यातलं कुणी असतं तर छप्पर उडवलं असतं." मग त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या लेकीच्या पोटावर गेली. "आणि ही कधी येणार? हिचं तर काय, चालत येईल, मोकळी होईल आणि चालत घरी जाईल. यांच्या बायकांना काही म्हणजे काही लागत नाही. गोठ्यात जशी गाय."

तो हसला. सासू हसली. सुरुंगवाल्याने मान खाली घातली, पण त्याचेही ओठ हसण्यापुरते ताणले गेले. शिकाऊ डॉक्टरणीने बाटली कपाटात परत ठेवली.

संध्याकाळी घरासमोरच्या दगडावर बसून लेक आईचे केस विंचरत होती. एका हाताने घणवालीला ते जमत नव्हते.

"आई," लेक म्हणाली, "तुला खरंच नाही दुखलं?"

घणवालीने मान वळवली. फणी केसांतच अडकली. लेकीच्या तोंडावर थट्टा नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"दुखलं."

"मग बोलली का नाहीस?"

समोर सासू लसूण सोलत होती, सुरुंगवाला चिलीम साफ करत होता. दोघांचेही हात थांबले. घणवालीने अडकलेली फणी सोडवून हातात घेतली. इतकी वर्षे तिने जे गिळले होते ते आपल्याच माणसांसाठी, असे ती समजत होती. आणि आज दुसऱ्याच एका माणसाने तिच्या तोंडातून ते काढून, धुऊन पुसून, आपल्या शिष्येला दाखवले होते. हे बघ, यांना दुखत नाही. आता ती शिष्या दुसऱ्या गावी जाईल, तिच्या हाताखाली आणखी कुणी येईल. आणि त्याआधी, थोड्याच दिवसांत, त्या फाटक्या टेबलावर ही लेक झोपेल.

"मी तिथं जाणार नाही," लेक म्हणाली. "घरीच होऊ दे माझं."

"पहिलटकरीण आहेस. काही अडलं तर?"

"तर अडू दे. गाय म्हणाला मला."

"डॉक्टर मनानं वाईट नाही गं," सुरुंगवाला म्हणाला. "त्याच्या मनात नसतं काही."

"मनात नाही? मग तोंडात कुणी नेऊन ठेवलं?" घणवाली म्हणाली.

"मला तर केव्हाच म्हणाला होता," सासू लसणीची साल फुंकत बोलली. "म्हातारे, अंधारात बसत जाऊ नकोस, पाय पडेल तुझ्यावर. सगळे हसले. मीपण हसले. हसलं की गोळ्या लवकर मिळतात."

 पुढची पाकळी सोलत सासूच म्हणाली, "घरी येऊन मात्र मी त्या गोळ्या कोंबड्यांपुढं टाकल्या होत्या. कोंबड्यांनीपण खाल्ल्या नाहीत." आणि या वेळी ती हसली नाही.

पुढचे दिवस घणवाली डाव्या हाताने पाट्या भरत राहिली. घण कड्याला टेकवून ठेवलेला असे. येता-जाता ती त्याच्या दांड्याला हात लावी. उजवा हात आधी जड झाला, मग गरम. टाक्यांच्या मधली कातडी ताणून चकाकू लागली. मनगटावर एक लालसर रेघ चढली तेव्हा सुरुंगवाल्याने तिच्या हातातली पाटी काढून घेतली.

"चल."

"चलते. पण मी सांगेन तसंच होईल."

"म्हणजे कसं?"

"ते तिथं कळेल. तुम्ही फक्त मध्ये हसू नका."

त्या दिवशी दवाखान्यात खाणीतली बरीच माणसे होती. कुणाचे धुळीने डोळे आले होते, कुणाला खोकला होता, कुणाचा पाय लचकला होता. बाकावर सासू आणि लेकही येऊन बसल्या. घणवालीचा नंबर आला तेव्हा ती आपणहून टेबलावर चढून बसली. डॉक्टरने फडके सोडले, नाक आक्रसले.

"पू झालाय. कापून काढावं लागेल. धर गं हिचा हात."

"भुलीची सुई द्या आधी," घणवाली म्हणाली.

डॉक्टरने वर पाहिले. मग शिकाऊ डॉक्टरणीकडे पाहून डोळा मिचकावला. "शिकून आली बाई. अगं, मागच्या वेळी पापणी हलली नव्हती तुझी."

"मागच्या वेळी दुखलं होतं."

"दुखलं असतं तर ओरडली असतीस."

"ओरडत नाही आम्ही. पण दुखतं."

"हे बघ, मला शिकवू नकोस. तुझ्यासारखे डांबरी कितीतरी..."

घणवालीने हात काढून घेतला. फडके तसेच लोंबत असलेला तो हात तिने छातीशी धरला, डावा त्यावर ठेवला, आणि पाय टेबलावर घेऊन मांडी घातली. रेक्झिन करकरले.

"हा शब्द नको," ती म्हणाली.

"कुठला शब्द?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तूच सांग की."

"मी माझ्या तोंडानं तो म्हणणार नाही. तुमचा आहे, तुमच्याकडेच ठेवा. पण इथं काढायचा नाही."

 डॉक्टरचे हसणे अजून तोंडावर होते, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला होता.

"उतर खाली."

"सुई दिलीत की हात देईन. हात बघून झाला की उतरेन."

"बाहेर रांग आहे!"

"आमचीच आहे."

डॉक्टर तरातरा दाराशी गेला. "पुढचा!" त्याने हाक मारली.

कुणी उठले नाही. खाणीत एक रीत आहे. वर कड्यावर माणूस दोराला लोंबकळत असेल, तर तो खाली पाय टेकवेपर्यंत तळातले कुणी जागचे हलत नाही. हललेल्या माणसाच्या धक्क्याने दोर सरकू शकतो. ही रीत कुणाला आठवावी लागली नाही. डोळे आलेला माणूस डोळे मिटून बसला. खोकणाऱ्याने खोकला दाबला. लेकीने पोटावर दोन्ही हात ठेवले आणि डॉक्टरकडे थेट पाहिले.

"पुढचा म्हटलं ना!"

"ती उतरली की," बाकावरून कुणीतरी शांतपणे म्हणाले.

डॉक्टरने मुकादमाला फोन लावला. मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असे: तुमच्या माणसांनी दवाखाना अडवलाय, असेच चालले तर उद्यापासून मी खाणीतल्या एकालाही हात लावणार नाही. घणवालीने ते ऐकले. मनगटावरची लाल रेघ तिला दिसत होती. ती सकाळपेक्षा वर सरकली होती. दुसरा दवाखाना नदीपलीकडे, दिवसभराच्या वाटेवर. तिच्या कपाळावर घाम आला, आणि तिने तो पुसला नाही, कारण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता.

मुकादम मोटारसायकलवरून आला, घामाने निथळत.

"काय लावलंय हे? अर्धी खाण इथं बसलीय आणि तिकडं गाड्या रिकाम्या उभ्या आहेत. ए बाई, हात दाखव आणि सुट." मग तो सुरुंगवाल्याकडे वळला. "समजाव ना तुझ्या बायकोला!"

सुरुंगवाल्याने खांद्यावरचे फडके काढले, झटकले, पुन्हा खांद्यावर टाकले.

"ती माझं ऐकत असती तर तिनं घण उचलला असता का, मुकादम?"

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसले. नवऱ्याकडे पाहताना घणवालीचा छातीशी धरलेला हात किंचित सैल झाला.

"मुकादम," ती म्हणाली, "तुमच्या पायात सळई घुसली होती तेव्हा इथंच आणलं होतं तुम्हाला. याच टेबलावर."

"मग?"

"भुलीची सुई दिली होती?"

"दिली होती की. न देऊन कसं चालेल?"

"तुम्हाला विचारलं होतं का कुणी, लागेल का म्हणून?"

 मुकादमाच्या गोऱ्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. त्याने डॉक्टरकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, बाहेर बाकावर एका रांगेत न हलता बसलेल्या आपल्या अर्ध्या खाणीकडे पाहिले. त्याला न्याय दिसला की खडी, हे सांगता येत नाही.

"देऊन टाका ना, साहेब," तो म्हणाला. "केवढ्याशी सुई ती. माझा माल अडलाय."

"प्रश्न सुईचा नाही," डॉक्टर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तेच म्हणते मी," घणवाली म्हणाली.

तेवढ्यात कपाटाचे दार वाजले. शिकाऊ डॉक्टरणीने बाटली काढून ट्रेमध्ये ठेवली होती. काच लोखंडाला लागल्याचा आवाज झाला. तिने चष्मा वर ढकलला आणि कुणाकडेच न बघता विचारले, "किती भरू, सर?"

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिला. नळाचे पाणी वाया जात होते. मग त्याने एक आकडा सांगितला, पाठमोरा राहूनच.

सुई गेली. आधी आग झाली, मग गारवा पसरला, मग हात तिचा असूनही दूर कुठेतरी ठेवल्यासारखा झाला. घणवाली आडवी झाली नाही. मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि हात टेबलावर पसरून बसून राहिली. डॉक्टरने पाते लावले. पिवळट पू ताटलीत आला. आपल्याच हातातून तो येताना ती पाहत होती, आणि ओठ दाबायला काही कारण उरले नव्हते. तरी सवयीने ते मिटत, आणि ती आठवणीने ते पुन्हा उघडत राही.

"दुखतंय का?" शिकाऊ डॉक्टरणीने हळूच विचारले.

घणवाली तिच्याकडे पाहून थोडी हसली, पण उत्तर दिले नाही. तिने डॉक्टरकडे पाहिले. पाते थांबले. दाराशी मुकादम होता, सुरुंगवाला होता, आणि त्यांच्यामध्ये जागा करून लेक येऊन उभी राहिली होती.

"ती विचारतेय तुला," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही विचारा. कापताय तुम्ही."

पंखा फिरत राहिला. ताटलीत काहीतरी टपकले.

"दुखतंय का?" डॉक्टरने विचारले. आवाज कोरडा होता, नजर जखमेवर होती, आणि शब्द जिभेला नवे असावेत तसे एकेक सुटे आले.

घणवालीने घाई केली नाही. तिने हाताकडे नीट पाहिले, जणू त्यालाच विचारून सांगणार आहे.

"आता नाही," ती म्हणाली.

शिकाऊ डॉक्टरणीने ते ऐकले. लेकीने ऐकले.  डॉक्टरने जखम धुतली, पट्टी बांधली, गोळ्या पुडीत घालून टेबलाच्या कडेला ठेवल्या. तो शब्द त्याने काढला नाही. माफीचाही काढला नाही. घणवाली खाली उतरली तेव्हा लेकीने आधाराला खांदा पुढे केला.

"पुढचा," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाला.

बाक करकरला. पायांची हालचाल झाली, दाबून ठेवलेले सगळे खोकले एकदम सुटले. या सगळ्यांतून वाट काढत सासू आत आली. तिला टेबलावर चढायला जमेना, म्हणून तिने दाराशी उभ्या मुकादमाला जवळ बोलावून सरळ त्याच्या खांद्यावर भार टाकला आणि वर जाऊन बसली. डॉक्टरने तोंड उघडण्याआधीच तिने हाताचा पंजा त्याच्यासमोर धरला.

"मलापण दुखतं," ती म्हणाली. "कुठं, ते नंतर सांगते."